पाठ्यपुस्तक दुरुस्त करण्याचा हक्क

महाविद्यालयीन अध्यापकांनी खुल्या परवान्याची, विनामूल्य मिळणारी अभ्याससामग्री शिकवण्यासाठी स्वीकारावी का, या प्रश्नावरचा वाद बरीच वर्षे ठरावीक वळणाने चालला आहे. समर्थक म्हणतात, पुस्तके महाग झाली, विद्यार्थ्यांना परवडत नाहीत, तेव्हा जे फुकट मिळते ते घ्यावे. विरोधक म्हणतात, फुकट मिळते ते त्याच लायकीचे असते. चांगले पुस्तक हवे तर त्याचे दाम मोजावे लागते. या दोन्ही भूमिका एकमेकींच्या विरुद्ध दिसत असल्या, तरी दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न बोलता मान्य केलेली आहे: या सामग्रीविषयी सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे तिची किंमत. मला हे गृहीतकच चुकीचे वाटते. अध्यापकांनी खुली सामग्री स्वीकारावी, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु त्याचे मुख्य कारण माझ्या दृष्टीने वेगळे आहे. ज्या पुस्तकावरून आपण शिकवतो ते दुरुस्त करण्याचा, त्यातले एखादे प्रकरण गाळून दुसरे घालण्याचा, उदाहरणे बदलण्याचा आणि असे बदललेले पुस्तक उजळ माथ्याने विद्यार्थ्यांच्या हाती देण्याचा हक्क अध्यापकाकडे असला पाहिजे. आज बहुतेक अध्यापकांकडे तो नाही, आणि तो नसण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्याची उणीवही जाणवत नाही.

किमतीचा मुद्दा खोटा आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांचा निर्देशांक जानेवारी २००६ ते जुलै २०१६ या काळात ८८ टक्क्यांनी वाढला. फ्लोरिडा राज्यातील सार्वजनिक उच्चशिक्षण संस्थांमधल्या विद्यार्थ्यांची २०१८ मध्ये पाहणी झाली, तेव्हा किमतीमुळे नेमलेले पुस्तक विकत घेतले नाही असे ६४ टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांनी सांगितले. या महागाईचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. पुस्तक निवडतो अध्यापक आणि पैसे देतो विद्यार्थी. डॉक्टरने औषध लिहून द्यावे आणि रुग्णाने ते निमूटपणे विकत घ्यावे, तसा हा व्यवहार आहे. निवडणाऱ्याला किंमत सोसावी लागत नाही आणि किंमत सोसणाऱ्याला निवड नसते. अशा बाजारात स्पर्धेने किमती उतरतील, ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची? शिवाय जुन्या पुस्तकांची खरेदी-विक्री मोडून काढण्यासाठी काही वर्षांच्या अंतराने नवी आवृत्ती काढणे, प्रकरणांचा क्रम आणि स्वाध्यायांचे आकडे बदलणे, गृहपाठ अशा संकेतस्थळावर ठेवणे की ज्याचा संकेतांक एकदाच वापरता येतो, हे सारे उपाय आता नित्याचे झाले आहेत.

तरीही माझा युक्तिवाद मी किमतीवर उभा करणार नाही, कारण किंमत देशागणिक, विषयागणिक आणि वर्षागणिक बदलते. जिथे स्वस्त आवृत्त्या मिळतात किंवा ग्रंथालयात पुरेशा प्रती असतात, तिथे हा मुद्दा आपोआप दुबळा होतो. उद्या प्रकाशकांनी किमती निम्म्यावर आणल्या तर खुल्या सामग्रीचे समर्थक आपली मागणी मागे घेणार आहेत काय? हा प्रश्न काल्पनिकही राहिलेला नाही. काही मोठ्या प्रकाशकांनी एकच वर्गणी भरून सगळी पुस्तके वाचू देण्याची योजना आणली आहे, आणि ती एकेका पुस्तकाच्या किमतीपेक्षा स्वस्त पडते. मात्र वर्गणी संपली की पुस्तक मिटते. ज्या विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाचे कलनशास्त्र पुन्हा चाळायचे आहे, त्याच्याजवळ काहीही उरलेले नसते, आणि ज्या अध्यापकाने त्या पुस्तकाभोवती आपला अभ्यासक्रम बांधला त्याच्याजवळही नसते. स्वस्ताईने ही अडचण सुटत नाही. ती सुटायची तर पुस्तक जवळ ठेवण्याचा आणि बदलण्याचा अधिकार लागतो, आणि तो देणे परवान्याचे काम आहे.

परवाना नेमके काय करतो हे समजून न घेताच या वादात मते मांडली जातात, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. स्वामित्वहक्काविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराने सुरू झालेल्या आणि १९०८ च्या बर्लिन दुरुस्तीने पक्क्या झालेल्या व्यवस्थेत कोणतेही लेखन नोंदणीशिवाय, लिहिले गेल्याक्षणी स्वामित्वहक्काने बांधले जाते. म्हणजे एखाद्या प्राध्यापकाने आपली टिपणे महाजालावर सर्वांना वाचायला ठेवली, तरी त्यांची प्रत काढून, त्यात भर घालून ती पुढे वाटण्याची मुभा त्यातून मिळत नाही. लेखकाची इच्छा उदार असली तरी कायदा ती गृहीत धरत नाही. ही अडचण ओळखून अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड वायली यांनी १९९८ मध्ये खुल्या आशयासाठी पहिला परवाना तयार केला. २००१ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था निघाली आणि डिसेंबर २००२ मध्ये तिचे परवाने प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास, एप्रिल २००१ मध्ये, अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाने आपली अभ्याससामग्री सर्वांसाठी खुली करण्याची घोषणा केली होती, आणि जुलै २००२ मध्ये युनेस्कोच्या पॅरिस येथील बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संकल्पना रूढ झाली. वायली यांनी पुढे या सामग्रीची कसोटी पाच परवानग्यांमध्ये सांगितली: प्रत स्वतःजवळ ठेवणे, ती हवी तशी वापरणे, तीत बदल करणे, दुसऱ्या सामग्रीशी तिची जुळवणी करणे आणि हे सगळे इतरांना वाटणे. मूळ लेखकाचा उल्लेख करण्याचे बंधन बहुतेक परवान्यांत राहते आणि ते राहिलेच पाहिजे. पण ज्या परवान्यात बदल करण्यास मनाई आहे, त्याखालचे पुस्तक विनामूल्य असूनही अध्यापकाच्या दृष्टीने बंदच आहे, हे लक्षात ठेवायला हवे.

हा फरक किती खरा आहे, हे फ्लॅट वर्ल्ड नॉलेज या प्रकाशनसंस्थेच्या उदाहरणातून दिसले. २००७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आपली पाठ्यपुस्तके खुल्या परवान्याखाली महाजालावर विनामूल्य वाचायला देत असे आणि छापील प्रती व पूरक साहित्य विकून खर्च भागवत असे. तो हिशेब जमला नाही, आणि जानेवारी २०१३ पासून तिने विनामूल्य वाचनाची सोय बंद केली. विरोधक या घटनेकडे बोट दाखवून म्हणतात, पाहा, हे टिकत नाही. त्यांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. तो धंदा खरोखरच टिकला नाही. पण पुस्तके टिकली. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला की ज्यांच्या हातात प्रत पोचली त्यांच्याकडून तो काढून घेता येत नाही, त्यामुळे इतरांनी जपून ठेवलेल्या प्रती पुढेही वापरात राहिल्या. केवळ विनामूल्य असलेली पुस्तके असती तर प्रकाशकाच्या एका निर्णयासरशी ती वर्गांतून नाहीशी झाली असती.

याउलट, परवाना नसला की अध्यापकाला काय करावे लागते तेही पाहण्यासारखे आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्सच्या दुकानावर आणि विद्यापीठावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा दाखल केला, कारण तिथे अध्यापकांनी नेमलेल्या वाचनाच्या एकत्र बांधलेल्या प्रती मिळत. २०१६ मध्ये न्यायालयाने कायद्यातील शिक्षणविषयक अपवादाचा आधार मान्य केला आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. अमेरिकेत जॉर्जिया स्टेट विद्यापीठाविरुद्ध केंब्रिज, ऑक्सफर्ड आणि सेज यांनी २००८ मध्ये असाच दावा लावला होता. पुस्तकातली किती पाने विद्यार्थ्यांना संगणकावर वाचायला दिली तर चालतात, या प्रश्नाची सुनावणी, अपील आणि फेरसुनावणी २०२० पर्यंत चालू राहिली. शिकवणाऱ्याने काय वाचायला द्यावे हे ठरवण्यासाठी बारा वर्षे वकील लागावेत, ही व्यवस्था शिक्षणाची म्हणता येईल काय? प्रकाशकांनी आपल्या कायदेशीर हक्कासाठी न्यायालयात जाणे गैर आहे, असे मी म्हणत नाही. त्यांचा माल त्यांचा आहे. प्रश्न असा आहे की आपण आपले अध्यापन त्यांच्या मालावर इतके अवलंबून का ठेवावे.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी रचला आणि त्यातली लीलावती पुढे शतकानुशतके गणिताचे पाठ्यपुस्तक म्हणून चालली. ती चालली कशी? जशीच्या तशी घोकली जाऊन नव्हे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिकवणाऱ्यांनी तिच्या प्रती करताना तिच्यावर टीका, म्हणजे भाष्ये, लिहिली आणि अवघड जागा उलगडून दाखवल्या. गणेश दैवज्ञांनी १५४५ च्या सुमारास लिहिलेल्या बुद्धिविलासिनी या टीकेत मूळ ग्रंथात केवळ नियम म्हणून आलेल्या गोष्टींच्या उपपत्ती दिल्या आहेत, म्हणजे तो नियम खरा का आहे हे विद्यार्थ्याला सांगितले आहे. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातील कवी फैजीने लीलावतीचा फारसी अनुवाद केला. यांपैकी कोणालाही परवानगीचे पत्र लिहावे लागले नाही, आणि भास्कराचार्यांचे नाव त्यामुळे पुसलेही गेले नाही; उलट प्रत्येक टीकाकाराने ते पुढे नेले. पाठ्यग्रंथ हा पूर्ण झालेला, शिक्कामोर्तब केलेला माल आहे आणि अध्यापकाने तो फक्त पोचवायचा आहे, ही कल्पना अध्यापनाच्या इतिहासात अगदी अलीकडची आहे.

या उदाहरणावर एक रास्त आक्षेप येईल, आणि तो आधीच मान्य करतो. त्या परंपरेत ग्रंथ हाताळण्याची मोकळीक होती, पण ती कोणाला होती? ज्यांना शिकण्याचाच अधिकार नाकारला होता, त्यांच्यासाठी ग्रंथ मोकळा असून उपयोग नव्हता. म्हणून ग्रंथ खुला झाला म्हणजे शिक्षण खुले झाले, असे मी मुळीच म्हणणार नाही. दुसरे उदाहरण तेराव्या शतकातल्या युरोपचे घेता येईल. बोलोन्या आणि पॅरिस येथील विद्यापीठांनी तपासून मान्य केलेल्या ग्रंथांच्या मूळ प्रती सुट्या भागांत विभागून नकलेसाठी भाड्याने देण्याची पद्धत बसवली होती. भाड्याचे दर विद्यापीठ ठरवत असे आणि मूळ प्रत शुद्ध आहे की नाही यावर त्याची देखरेख असे. म्हणजे पाठ्यग्रंथ बरोबर असणे आणि तो विद्यार्थ्याच्या आवाक्यात असणे या दोन्ही जबाबदाऱ्या विद्यापीठाच्या मानल्या जात होत्या. मुद्रणाने त्या जबाबदाऱ्या प्रकाशकाकडे गेल्या, आणि त्यात नुकसानच झाले असे नाही. हजारो प्रती एकसारख्या, कमी चुकांच्या मिळू लागल्या, ही लहान गोष्ट नव्हती. पहिला स्वामित्वहक्क कायदा मानल्या जाणाऱ्या १७१० च्या इंग्लंडमधील कायद्याच्या शीर्षकातच त्याचा उद्देश ‘विद्येला उत्तेजन’ असा सांगितलेला आहे, आणि नव्या पुस्तकांवरचा हक्क त्याने चौदा वर्षे, लेखक हयात असल्यास आणखी चौदा वर्षे, एवढाच दिला होता. आज तो हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरही किमान पन्नास वर्षे राहतो. रसायनशास्त्राच्या किंवा अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकाला एवढ्या दीर्घ संरक्षणाची गरज कोणत्या तर्काने सिद्ध होते? ते पुस्तक मोकळे होईल तेव्हा शिकवण्याच्या कामाचे उरलेलेच नसेल.

आता विरोधकांच्या सर्वांत परिचित आक्षेपाकडे वळू: दर्जा. खुल्या सामग्रीत सुमार दर्जाचे पुष्कळ आहे, हे मान्य केलेच पाहिजे. घाईने जमवलेली टिपणे, न तपासलेली गणिते, दहा वर्षांत कोणी हात न लावलेली पाने, हे सगळे तिथे आढळते, आणि समर्थकांनी याबाबत बाळगलेले मौन त्यांच्या बाजूचे नुकसान करते. परंतु किंमत हे दर्जाचे लक्षण आहे, या समजुतीचे काय? जॉन मॅकमरी यांचे सेंद्रिय रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक १९८४ पासून एका मोठ्या व्यापारी प्रकाशनाकडून निघत होते आणि जगभरच्या महाविद्यालयांत नेमलेले होते. दहाव्या आवृत्तीच्या वेळी मॅकमरी यांनी हक्क परत मिळवले आणि २०२३ मध्ये ती आवृत्ती राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाकडून खुल्या परवान्याखाली, विनामूल्य प्रसिद्ध झाली. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराने २०१९ मध्ये मृत्यू पावलेल्या आपल्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी हे केले. लेखक तोच, पुस्तक तेच, चार दशकांची मेहनतही तीच. नवव्या आवृत्तीपर्यंत उत्तम असलेले पुस्तक दहाव्या आवृत्तीत विनामूल्य झाल्यामुळे हलके झाले, असे म्हणायला कोणताही रसायनशास्त्रज्ञ धजावणार नाही. दर्जा लेखकावर, परीक्षणावर आणि सततच्या दुरुस्तीवर अवलंबून असतो, आणि शेवटच्या बाबतीत खुले पुस्तक वरचढ ठरू शकते, कारण चूक सापडलेल्या अध्यापकाला पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागत नाही.

विद्यार्थ्यांच्या निकालांवर काय परिणाम होतो, हा प्रश्नही याच संदर्भात विचारला जातो. आधीच्या अभ्यासांचा जो आढावा २०१६ मध्ये जॉन हिल्टन यांनी घेतला, त्याचा निष्कर्ष असा होता की खुली सामग्री वापरणाऱ्यांचे शिकणे सर्वसाधारणपणे इतरांइतकेच होते. जॉर्जिया विद्यापीठातील २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात तर निकाल सुधारलेले दिसले, आणि सुधारणा आर्थिक साहाय्य घेणाऱ्या विद्यार्थ्यांत अधिक होती. समर्थक हा दुसरा अभ्यास पुन्हापुन्हा सांगतात. मी तो जपून वापरेन. २०१९ मध्ये ओपनस्टॅक्सशीच संबंधित असलेल्या संशोधकांनी दाखवून दिले की, एरवी ज्यांना पुस्तक मिळालेच नसते अशा विद्यार्थ्यांवरच विनामूल्य पुस्तकाचा परिणाम अपेक्षित आहे; सगळ्या वर्गाची सरासरी काढली की तो पुसट होतो, आणि अनेक अभ्यास असा परिणाम पकडण्याइतके मोठेच नाहीत. पुस्तक बदलल्याने सगळा वर्ग हुशार होतो, असे म्हणणे अतिशयोक्त आहे. ज्याच्याजवळ पुस्तक नव्हते त्याच्याजवळ ते पहिल्या दिवसापासून असते, एवढेच खात्रीने सांगता येते, आणि शिकवणाऱ्याला त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

दर्जापेक्षा मला अधिक गंभीर वाटणारा आक्षेप श्रमाचा आहे, आणि त्याला समर्थकांनी आजवर पुरेसे उत्तर दिलेले नाही. पुस्तक लिहायला वर्षे लागतात. तयार पुस्तक आपल्या वर्गाला जुळवून घ्यायलाही सुट्या जातात. प्रकाशक अध्यापकाला सादरीकरणे, प्रश्नपेढी, उत्तरसूची असे सारे आयते देतो; खुल्या पुस्तकाबरोबर ते दर वेळी मिळतेच असे नाही. ज्या अध्यापकाला कंत्राटावर, तासांच्या हिशेबाने पैसे मिळतात, त्याच्याकडून हे काम ज्ञानदानाच्या नावाखाली विनामोबदला करून घेतले जाणार असेल, तर ती उदारता कोणाच्या खर्चाने होते आहे? हा प्रश्न विचारणाऱ्याला प्रतिगामी ठरवणे अन्याय्य आहे. माझे उत्तर असे आहे: एमआयटीचा प्रकल्प ह्यूलेट आणि मेलन या प्रतिष्ठानांच्या पैशावर उभा राहिला, कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१२ मध्ये सर्वाधिक विद्यार्थी असलेल्या चाळीस विषयांसाठी खुली पाठ्यपुस्तके देण्याचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा पुस्तके तपासणाऱ्या अध्यापकांना मानधन दिले आणि त्यांची परीक्षणे पुस्तकाच्या शेजारी जाहीर केली. म्हणजे पुस्तक वाचकाला विनामूल्य असणे आणि लेखकाला मोबदला मिळणे यांत विरोध नाही. फक्त पैसा पुस्तक लिहिले जाताना द्यावा लागतो, एकेक प्रत विकताना नाही. आणि हा पैसा नवा असतो असेही नाही. सार्वजनिक महाविद्यालयातील अध्यापकाचे वेतन समाज एकदा देतोच. त्याच अध्यापकाने त्याच वेतनाच्या काळात लिहिलेले पुस्तक समाजाच्या मुलांनी पुन्हा विकत घ्यायचे, हा दुहेरी खर्च आपण आजवर निमूटपणे केला आहे.

मात्र पैशाइतकीच, कदाचित त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मान्यता. पदोन्नतीच्या वेळी चार जण वाचतील असा शोधनिबंध मोजला जातो, आणि शेकडो विद्यार्थी ज्यावरून शिकतात अशा खुल्या पुस्तकाची दुरुस्ती मोजली जात नाही. जोवर असे आहे तोवर अध्यापकांना दोष देण्यात अर्थ नाही. युनेस्कोने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुक्त शैक्षणिक संसाधनांविषयी शिफारस स्वीकारली, तिच्यात सदस्य देशांनी अध्यापकांची क्षमता वाढवावी, त्यांना साहाय्यक धोरणे आखावीत आणि ही सामग्री टिकून राहील अशी आर्थिक घडी बसवावी, असे सांगितले आहे. धोरणाची भाषा आता उपलब्ध आहे. सेवानियमांत तिचा मागमूस क्वचितच दिसतो. संस्थेने वर्षातून काही तास या कामासाठी मोकळे द्यावेत, ग्रंथपालाने योग्य पुस्तके शोधून परवाने तपासून द्यावेत आणि केलेले काम कार्यमूल्यमापनात धरावे, एवढे झाल्याशिवाय खुल्या सामग्रीचा आग्रह धरणे हा अध्यापकावर टाकलेला आणखी एक भार ठरेल.

याच कारणासाठी मी सक्तीच्या विरोधात आहे. काही प्रशासकांना खर्च वाचवण्याचा सोपा मार्ग म्हणून सर्व विभागांवर खुली पुस्तके लादावीशी वाटतात, आणि अध्यापकांचा त्यावरचा संताप योग्य आहे. काय शिकवावे आणि कशावरून शिकवावे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य अध्यापकाचे आहे. ते प्रकाशकाकडून काढून कार्यालयाकडे सोपवण्यात कसलाच लाभ नाही. इंग्रजी कादंबरीचा वर्ग घेणाऱ्याला स्वामित्वहक्कातली कादंबरीच हवी असते, आणि अतिविशिष्ट विषयाच्या पदव्युत्तर वर्गाला कदाचित एकच चांगले पुस्तक अस्तित्वात असते, तेही बंद. तिथे ते नेमावे. परंतु पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र, समाजशास्त्राची ओळख या विषयांत जिथे तपासलेली खुली पुस्तके उपलब्ध आहेत, तिथे अध्यापकाने ती उघडूनही न पाहता जुनेच पुस्तक दर वर्षी यादीत लिहिणे, याला मात्र स्वातंत्र्याचा वापर म्हणता येत नाही. स्वातंत्र्यात निवड असते, आणि निवडीला किमान दोन गोष्टी वाचलेल्या असाव्या लागतात.

आणखी एका बाबतीत समर्थकांनी आपले दावे तपासून पाहायला हवेत. सामग्री महाजालावर ठेवली म्हणजे ती सर्वांपर्यंत पोचली, असा एक भाबडा समज आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने आपल्या वर्गांची हजारो ध्वनिचित्रमुद्रणे सर्वांसाठी खुली केली होती. बहिऱ्या व्यक्तींना ती वापरता येत नाहीत, कारण त्यांत उपशीर्षके नाहीत, अशी तक्रार झाली. २०१६ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ती उचलून धरली, आणि २०१७ मध्ये विद्यापीठाने वीस हजारांहून अधिक मुद्रणे सार्वजनिक वापरातून काढून घेतली. या प्रसंगात तक्रारदारांना दोष देणारे बरेच भेटतात. माझ्या मते तक्रार बरोबर होती आणि उत्तर चुकीचे होते. बहिऱ्या विद्यार्थ्याला वगळणारी सामग्री खुली कशी म्हणावी? आणि काढून टाकलेली सामग्री कोणाच्याच उपयोगाची राहत नाही, हेही तितकेच खरे. दुरुस्तीची मुभा देणारा परवाना असला तर उपशीर्षके दुसऱ्या कोणालाही घालता येतात, अंधांसाठी ब्रेल प्रत काढता येते, ज्याच्याजवळ संगणक नाही त्याच्यासाठी कागदावर छापून देता येते. पण परवाना स्वतः उपशीर्षके लिहीत नाही. ते काम कोणीतरी करावे लागते, त्याला वेळ आणि पैसा लागतो, आणि तो अंदाजपत्रकात आधीच धरलेला असावा लागतो.

शेवटचा आक्षेप भाषेचा आहे आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. आज उपलब्ध असलेल्या खुल्या सामग्रीचा मोठा भाग इंग्रजीत आहे आणि तो थोड्याशा श्रीमंत विद्यापीठांतून आलेला आहे. तिथली उदाहरणे, तिथले कायदे, तिथल्या समाजाची रचना गृहीत धरून लिहिलेले समाजशास्त्र जगाच्या दुसऱ्या टोकाला जसेच्या तसे शिकवले गेले, तर देणारे कायम देत राहतात आणि घेणारे कायम घेत राहतात. हा धोका खरा आहे. मात्र बंद पुस्तकांच्या बाबतीत तो कमी आहे काय? ती पुस्तकेही तिथूनच येतात, आणि त्यांचा अनुवाद करायचा तर हक्क विकत घ्यावे लागतात, ते परवडेल एवढी वाचकसंख्या लहान भाषांकडे नसते. ओपनस्टॅक्सच्या विद्यापीठीय भौतिकशास्त्राची पोलिश आवृत्ती निघू शकली, कारण अनुवाद करणाऱ्यांना परवानगीच्या वाटाघाटींत अडकावे लागले नाही; ते थेट पोलिश पारिभाषिक शब्दांवर आणि पोलिश विद्यार्थ्यांच्या गरजांवर काम करू शकले. ज्या भाषांत उच्च शिक्षणाची पुस्तके मोजकी आहेत, त्यांच्यासाठी हा मार्ग इतर कोणत्याही मार्गापेक्षा जवळचा आहे. त्यासाठी संपूर्ण पुस्तकाचा अनुवाद होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. एखाद्या अध्यापकाने एका प्रकरणाचा अनुवाद करावा, त्यातली परकी उदाहरणे काढून आपल्या विद्यार्थ्यांना ओळखीची घालावीत, मूळ लेखकाचे नाव, परवाना आणि आपण केलेले बदल पहिल्या पानावर स्पष्ट लिहावेत, आणि ते प्रकरण त्याच परवान्याखाली पुढे ठेवावे. दुसऱ्या महाविद्यालयातल्या अध्यापकाला त्यात चूक सापडली तर ती सुधारण्यासाठी त्याला कोणाचीही परवानगी लागणार नाही, आणि पुढचे प्रकरण त्याने घेतले तर पहिल्यालाही ते वापरता येईल.